शकुंतलेच्या रुळांखाली कोणता गोंद?

मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेजवरची ‘शकुंतला’ रेल्वेगाडी मॉडेलमध्ये १:८७ प्रमाणात उभी करायची, तर रुळांमधली ७६२ मिलिमीटरची रुंदी जेमतेम पावणेनऊ मिलिमीटरवर येते. बाजारातला ९ मिलिमीटरचा ट्रॅक चालून जातो. खर्च वाढतो तो भोवतीच्या वऱ्हाडी देखाव्याचा.

तिथे साधा पांढरा फेव्हिकॉल पुरतो. रुळांमध्ये बारीक चाळलेली खडी पसरून आधी पाण्याचा हलका फवारा मारायचा, मग निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचा. दोन्हींत भांड्यांच्या द्रवसाबणाचा थेंब हवाच. त्याने पाण्याचा पृष्ठताण मोडतो, नाहीतर गोंदाचे मणी होऊन खडीच सरकते. ओले असताना सगळे दुधाळ दिसते, वाळल्यावर पारदर्शक. काळ्या मातीच्या शेताला आणि रंगवलेल्या भुशाच्या गवतालाही हेच मिश्रण.

कागदी लगद्याच्या डोंगरांना मैद्याची खळ सर्वांत स्वस्त. पण झुरळांनाही ती आवडते, म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात (विषारी; मुलांच्या हाती नको). बाभळीचा डिंक फुकट मिळाला तरी पावसाळ्यात चिकचिकतो, वैशाखात तडकतो.

थर्माकोलला मात्र रबरी सोल्यूशन लावू नये. त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो आणि चिखलदऱ्याच्या कड्याला भगदाड पडते.