शून्य कर्जाची किंमत

३३,७३३ डॉलर आणि ५ सेंट. १ जानेवारी १८३५ रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या डोक्यावर एवढंच कर्ज उरलं होतं. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष झाला त्या वर्षाच्या सुरुवातीला, हा आकडा ५ कोटी ८४ लाख डॉलर होता. आज तो ३६ लाख कोटी डॉलरच्याही पुढे गेला आहे. राष्ट्रीय कर्ज फिटल्याचा दिवस अमेरिकेने आजवर एकदाच पाहिला, तो जॅक्सनच्या कारकिर्दीत. हे त्याचं कर्तृत्व आहेच. पण त्याच कारकिर्दीतले बाकीचे आकडे त्याच्याशेजारी मांडल्याशिवाय त्याची खरी किंमत कळत नाही.

जॅक्सनचा जन्म १७६७ चा, दोन्ही कॅरोलायनांच्या सीमेवरच्या वॅक्सहॉज वस्तीतला. वडील त्याच्या जन्माआधीच वारले. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत दोन्ही भाऊ आणि आई गेली. चौदाव्या वर्षी तो पोरका झाला. कैदेत असताना ब्रिटिश अधिकाऱ्याचे बूट साफ करायला त्याने नकार दिला, तेव्हा झालेल्या तलवारीच्या वाराचा व्रण त्याने जन्मभर मिरवला. १८०६ च्या एका द्वंद्वात छातीत घुसलेली गोळी तो मरेपर्यंत, ३९ वर्षं, तिथेच होती.

स्वतःचा अपमान कधीही न गिळणाऱ्या या माणसाने १८०४ साली टेनेसीतल्या वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली. त्याचा एक गुलाम पळाला होता. पकडून आणणाऱ्याला ५० डॉलर इनाम, शिवाय त्या गुलामाला मारलेल्या दर १०० फटक्यांमागे १० डॉलर जास्त, आणि फटक्यांची कमाल मर्यादा ३००. याच वर्षी त्याने हर्मिटेजचा मळा विकत घेतला. तेव्हा त्याच्याकडे ९ गुलाम होते. १८४५ मध्ये तो वारला तेव्हा सुमारे १५० होते.

२७ मार्च १८१४ रोजी आजच्या अलाबामातल्या हॉर्सशू बेंड इथे, टॅलापूसा नदीच्या वळणावर, त्याने क्रीक या मूलनिवासी जमातीच्या योद्ध्यांचा पाडाव केला. मेलेल्यांचा हिशेब चुकू नये म्हणून सैनिकांनी प्रत्येक प्रेताच्या नाकाचा शेंडा कापून घेतला. जमिनीवरची मोजदाद भरली ५५७. नदीत मारले गेलेले धरले, तर एकूण ८०० च्या वर. या लढाईत चेरोकी या दुसऱ्या मूलनिवासी जमातीचे सुमारे ५०० जण जॅक्सनच्या बाजूने लढले होते. नदी पोहून जाऊन शत्रूच्या होड्या पळवून आणल्या त्या त्यांनीच. पाचच महिन्यांत तहाने २ कोटी ३० लाख एकर जमीन क्रीकांकडून काढून घेतली गेली. ती पोर्तुगाल देशाहून थोडी जास्तच भरते, आणि तिच्यात जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन होती.

१८२४ च्या निवडणुकीत साडेतीन लाखांच्या आसपास लोकांनी मतदान केलं होतं. १८२८ मध्ये जॅक्सन निवडून आला तेव्हा ११ लाखांहून जास्त. सामान्य गोऱ्या माणसाचा अध्यक्ष अशी त्याची ख्याती झाली ती या लाटेवर. त्या सामान्य माणसाला हवी होती जमीन, आणि जमिनीवर आधीपासून माणसं राहत होती.

मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा मे १८३० मध्ये प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला. तिघांनी मत फिरवलं असतं तर तो पडला असता. स्थलांतराच्या खर्चासाठी तरतूद होती ५ लाख डॉलर. जॅक्सनच्या आठ वर्षांत जवळजवळ ७० करार झाले, चोक्टॉ, क्रीक आणि इतर मिळून सुमारे ४६ हजार माणसं पश्चिमेकडे ढकलली गेली आणि अडीच कोटी एकर जमीन मोकळी झाली. फ्लोरिडातल्या सेमिनोलांनी मात्र शस्त्र उचललं. ते युद्ध १८३५ ते १८४२ चाललं, त्यात जवळपास १,५०० अमेरिकी सैनिक मेले आणि कित्येक कोटी डॉलर खर्ची पडले.

सरकारी जमिनीचा किमान दर एकरी सव्वा डॉलर होता. १८३२ मध्ये जमीनविक्रीतून २६ लाख डॉलर आले, १८३६ मध्ये जवळजवळ अडीच कोटी. कर्जफेडीचा मोठा भार आयातकराने उचलला, आणि विकलेली सगळीच जमीन दक्षिणेतली नव्हती, हेही सांगायला हवं. पण दक्षिणेत त्या जमिनीवर काय उभं राहिलं, ते खानेसुमारीत दिसतं. मिसिसिपी राज्यात १८३० साली ६५,६५९ गुलाम होते, १८४० साली १,९५,२११. मूलनिवासी गेले, कापूस आला आणि कापसामागून साखळदंडातली माणसं आली.

चेरोकींचं प्रकरण सर्वात जिव्हारी लागणारं. सिक्वोया या त्यांच्यातल्याच माणसाने स्वतःच्या भाषेसाठी लिपी घडवली होती. १८२८ पासून त्यांचं वर्तमानपत्र निघत होतं, लिखित राज्यघटना होती. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत, असा निकालही दिला. त्याच वर्षी जॉर्जियाने चेरोकींची जमीन सोडत काढून गोऱ्यांना वाटली: शेतीचे तुकडे १६० एकरांचे, सोन्याच्या पट्ट्यातले ४० एकरांचे. डिसेंबर १८३५ मध्ये न्यू एकोटा इथे मूठभर चेरोकींनी ५० लाख डॉलरच्या बदल्यात सगळा मुलूख लिहून दिला. त्याविरुद्ध जवळपास १५ हजार नावांचा अर्ज वॉशिंग्टनला गेला. सिनेटने ३१ विरुद्ध १५ मतांनी तो करार मंजूर केला. दोन तृतीयांशाची अट होती. एक मत फिरतं तर करार फेटाळला जाता.

हलवण्याआधी सरकारने चेरोकींची शिरगणती केली होती: १६,५४२ चेरोकी आणि त्यांच्याकडचे १,५९२ काळे गुलाम. जॅक्सन पायउतार झाल्यावर, १८३८ मध्ये पुढचा अध्यक्ष व्हॅन ब्युरेन याच्या काळात, ७ हजार सैनिकांनी त्यांना घराघरांतून बाहेर काढलं आणि छावण्यांत कोंडलं. मग जवळजवळ हजार-हजारांच्या १३ तुकड्या भर हिवाळ्यात १,३०० किलोमीटरच्या वाटेला लागल्या. कित्येक जण मिसिसिपीतल्या बर्फामुळे नदीकाठीच अडकून पडले. चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस याची बायको क्वाटी वाटेतच गेली.

किती मेले? सुमारे ४ हजार, असं पुस्तकं सांगतात, आणि हा अंदाजच आहे. मला सगळ्यात जास्त हादरवतं ते हे. कर्जाचा हिशेब पाच सेंटपर्यंत लिहिला गेला. शत्रूची प्रेतं नाकं कापून मोजली गेली. जमीन एकरात, गुलाम नगात, स्थलांतर करायची माणसं शेवटच्या डोक्यापर्यंत नोंदली गेली. पण वाटेत गोवराने, हगवणीने, थंडीने मेलेल्यांची पूर्ण यादी कोणी केली नाही. जे मोजून फायदा होता ते मोजलं गेलं. सत्तेच्या नोंदवहीत जिथे नेमक्या आकड्याऐवजी ‘सुमारे’ येतं, तिथे थांबून विचारायला हवं की हे मोजायची गरज कोणालाच का वाटली नाही.

जॅक्सनच्या शून्यालाही फार आयुष्य लाभलं नाही. राष्ट्रीय बँकेचा त्याने आधीच कणा मोडला होता. १८३६ मध्ये त्याने जमिनीची किंमत सोन्याचांदीतच भरण्याचा हुकूम काढला आणि १८३७ मध्ये बाजार कोसळला. १८३९ उजाडेपर्यंत सरकारवर पुन्हा १ कोटी डॉलरहून अधिक कर्ज चढलं होतं. चेरोकी मात्र टिकले. ओक्लाहोमातल्या चेरोकी राष्ट्राची आजची नागरिकसंख्या साडेचार लाखांहून जास्त आहे, आणि ती नोंद ते स्वतः ठेवतात.