आधी शेपटी बघा

ह्यूस्टनला सप्टेंबरात फीडरभोवती रूबी-थ्रोटेड हमिंगबर्डची अशी झुंबड उडते की त्यात एखादा वेगळा आला तरी कळायचा नाही. खरी मजा नोव्हेंबरनंतर. बहुतेक रूबी-थ्रोटेड तोवर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे गेलेले असतात, त्यामुळे दिसेल त्याच्याकडे नीट बघायचं. फीडर टांगलेला राहिला तर पक्षी जायचेच थांबतात, ही इथली लाडकी समजूत. पण दिवस लहान होऊ लागले की ते निघतातच. माझा फीडर थंडीभर बाहेर असतो: एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, रंग अजिबात नाही.

या दिवसांत बऱ्याचदा माद्या नाहीतर पहिल्या वर्षाची पोरं येतात. त्यांच्या गळ्यावर लाली शोधत बसू नये. ब्लॅक-चिन्ड रस पिताना शेपटी सतत हलवतो, रूबी-थ्रोटेड बराच स्थिर ठेवतो. बफ-बेलीडची लाल चोचच पुरे. कुशीवर तांबूस झाक आणि शेपटीच्या मुळाशीही तोच रंग दिसला, की रूफस. किंवा अ‍ॅलन्स. इथे घोडं अडतं.

दोघांतला फरक शेपटीच्या पिसांत. अ‍ॅलन्सची कडेची पिसं अरुंद. रूफसच्या मधल्या जोडीशेजारच्या पिसाला टोकाजवळ खाच, तीही माद्यांत पुसट. म्हणजे शेपटी पंख्यासारखी पसरलेली असतानाच फोटो हवा. दोन फीडर एकमेकांच्या नजरेआड टांगावेत, म्हणजे भांडणं होत नाहीत, असं जाणकार सांगतात. मी मुद्दाम समोरासमोर टांगतो. मला भांडणच हवं असतं! एक दुसऱ्यावर धावून गेला की वळताना शेपटी उघडते, आणि शटर एक-दोन हजारांश सेकंदावर ठेवलं असेल तर खाच सापडते.

तेवढ्यानं भागलं नाही तर परवानाधारक बँडरला बोलवायचं. तो फीडर पिंजऱ्यात टांगतो, पक्षी आत शिरला की दोरी सोडून दार पाडतो. मग भिंगाखाली पिसांची रुंदी मोजणं, चोचीवरच्या बारीक चऱ्यांवरून वय ठरवणं, पायात अ‍ॅल्युमिनियमचं कडं. वजन तीन-साडेतीन ग्रॅम. कडं घातलेले काही पक्षी पुढच्या थंडीत त्याच अंगणात परततात.

पाठ हिरवी दिसली की अ‍ॅलन्स म्हणून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. हिरव्या पाठीचे रूफस नरही असतात. शेपटीचा फोटो नसेल तर मी ईबर्डवर सरळ ‘रूफस/अ‍ॅलन्स’ नोंदवतो.