डोळ्यांखालचं काळं झाकताना

लग्नसराई जवळ आली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कुणाच्या घरी साक्षगंध असतं, कुणाच्या पुतणीची हळद असते, गटातली एखादी पार्लरचं काम नव्यानं शिकलेली असते. प्रश्न एकच: “डोळ्यांखाली काळं झालंय, फोटोत फार दिसतं. त्यावर काय लावायचं?”

आज त्यावरच बोलू. पण आधी एक समज डोक्यातून काढून टाकू. काळ्यावर पांढरं थापलं की काळं झाकलं जातं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर, डोळ्यांखालच्या काळ्या भागावर थेट फिकट रंग लावला तर तो राखाडी दिसतो. मांडवातल्या झगमगाटात ते खपून जातं. मग चार दिवसांनी फोटो हातात येतात आणि नवरीच्या डोळ्यांखाली चुलीतली राख फासल्यासारखे दोन पट्टे दिसतात.

असं का होतं, ते धुण्याच्या बादलीवरून लवकर समजेल. पांढरा कपडा जुना झाला की पिवळट पडतो. मग आपण शेवटच्या पाण्यात नीळ टाकतो. नीळ काही पांढरी नसते, तरी कपडा पांढरा दिसायला लागतो, कारण निळा रंग पिवळेपणाला मारतो. डोळ्यांखाली हाच हिशेब उलटा करायचा. तिथली छटा निळसर किंवा जांभळट असते, म्हणून तिला मारायला पिवळा किंवा केशरी रंग लागतो. या कामासाठी जे मिळतं त्याला कलर करेक्टर म्हणतात. त्याच्यावरून जे लावतात ते कन्सीलर. कन्सीलर म्हणजे आपल्या कातडीच्या रंगाचं, फाउंडेशनपेक्षा घट्ट असं झाकणारं क्रीम. करेक्टर रंग मारतो, कन्सीलर झाकतो. दोघांची कामं वेगळी आहेत आणि आधी करेक्टर, मग कन्सीलर हा क्रम बदलायचा नाही.

आता कोणता रंग घ्यायचा? त्याआधी काळं कशामुळे आहे ते पाहावं लागेल. आरसा घेऊन दिवसाउजेडी दारात किंवा खिडकीशी बसा. बल्बच्या उजेडात हे जमणार नाही. डोळ्यांखालची कातडी बोटानं अगदी अलगद बाजूला ताणून बघा. रंग तपकिरी असेल आणि ताणल्यावरही तसाच राहिला, तर तो कातडीतलाच रंग आहे. हा पुष्कळदा आईकडून किंवा वडिलांकडून येतो. उन्हानं वाढतो आणि चोळण्यानंही वाढतो. आपल्याकडे कापूस वेचताना धूळ, तंतू डोळ्यांत जातात, डोळे खाजतात, मग त्याच हातानं किंवा पदरानं आपण खसाखसा चोळतो. वर्षानुवर्षं चोळलं की तिथली नाजूक कातडी काळवंडते. (फवारणीचं पाणी कालवून दिलेल्या हातानं तर डोळ्याला शिवायचंच नाही. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली, ते कुणाला नव्यानं सांगायला नको.)

ताणल्यावर निळसर-जांभळा रंग उलट जास्तच दिसायला लागला, तर ते कातडीखालचं रक्ताचं जाळं आहे. डोळ्यांखालची कातडी अंगावरच्या सगळ्यांत पातळ कातडीपैकी आहे, त्यामुळे खालचं वर दिसतं. झोप कमी झाली की चेहरा फिका पडतो आणि हे जाळं आणखी उठून दिसतं.

तिसरा प्रकार नुसत्या सावलीचा. वय वाढतं, अंग उतरतं, डोळ्यांखाली खळगा पडतो आणि त्या खळग्यात सावली साचते. आरशात बघताना तोंड वर करून उजेडाकडे धरा. काळं एकदम कमी झालं तर ती सावली समजा. पुष्कळ जणींना हे तिन्ही थोडं थोडं असतं.

आरसा हातात आहेच, तर आणखी एक गोष्ट बघून घ्या. आमच्या मते ती रंगापेक्षा मोठी आहे. खालची पापणी बोटानं जराशी खाली ओढा आणि आतली बाजू बघा. ती लालसर-गुलाबी असायला हवी. पांढुरकी दिसली, सोबत नखं आणि जीभही फिकी असली, चार पायऱ्या चढून धाप लागत असेल, तर अंगात रक्त कमी असण्याची दाट शक्यता आहे. काळं वर्तुळ म्हणजे रक्त कमी, असं मात्र नाही. धडधाकट बाईलाही वर्तुळं असतात. पण चेहरा फिका पडला की वर्तुळ जास्त दिसतं, आणि आपल्याकडे फिक्या चेहऱ्यांची कमी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांमागे ५४ जणींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दहा-बारा जणींच्या गटात पाच-सहा जणी.

लग्नाच्या दिवशी नवरीच्या चेहऱ्याच्या सगळ्यांत जवळ कोण असतं? तिला तयार करणारी. पापणीची आतली बाजू तिला दिसते, आईला दिसत नाही. म्हणून पार्लर चालवणाऱ्या आमच्या बहिणींना एक विनंती. लग्नाआधी महिनाभर मुलगी दाखवायला आली आणि पापणी पांढरी दिसली, तर तिच्या आईला बाजूला घेऊन सांगा, “काकू, हिचं रक्त तपासून घ्या.” उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासतात. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली नसावं, गरोदर बाईचं ११ च्या खाली. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू किंवा आवळ्याबरोबर मात्र ते चांगलं लागू पडतं. आपल्याकडे दर घंट्याला चहा होतो, तेव्हा गोळीच्या आधी आणि नंतर तासभर तरी कप दूर ठेवा.

विदर्भात यात आणखी एक गोष्ट येते. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांचंही रक्त कमी असतं, पण कारण वेगळं असतं. अंग दुखण्याचे झटके येत असतील, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसत असेल, घरात कुणाला सिकलसेल असेल, तर लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका. आधी सिकलसेलची चाचणी करा आणि डॉक्टर सांगतील तसं वागा. आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज, सोबत पायांवरही सूज असेल, तर त्यावर लावायचं काही नसतं. सरळ दवाखाना गाठायचा.

आता रंगाकडे वळू. गव्हाळ रंगाच्या बाईला पीच छटेचा करेक्टर चालतो. पीच म्हणजे संत्र्याच्या सालीचा रंग दुधात कालवल्यासारखा. सावळ्या रंगाला त्याहून गडद, केशरी छटा लागते. काळ्यासावळ्या चेहऱ्याला तर चांगला ठसठशीत नारिंगी लागतो, तो डबीत बघून घाबरायचं नाही. कातडी उजळ आणि वर्तुळ हलकं जांभळट असेल तर पिवळट छटाही पुरते. तपकिरी डागाला पीच किंवा केशरीच चालतो, पण तो निळ्याइतका पूर्ण मरत नाही, हे आधीच कबूल करून टाकावं. सावलीवर करेक्टरचा उपयोग नाही. तिथे फक्त खळग्याच्या रेषेत, चेहऱ्यापेक्षा अर्धी छटा उजळ कन्सीलर लावायचा. डोळ्यांखाली पिशवीसारखी सूज असेल तर उजळ रंग तिच्यावर लावूच नका, ती आणखी पुढे आल्यासारखी दिसते.

दुकानात डब्यांचा जो संच मिळतो त्यात हिरवा आणि जांभळा रंगही असतो. ते आपल्या कामाचे नाहीत. हिरवा लालपणावर लावतात.

कन्सीलर निवडताना दुकानदार मनगटावर रेघ ओढून दाखवतो. उन्हात राबणाऱ्या हाताचा आणि चेहऱ्याचा रंग एक नसतो. रेघ गालाच्या खाली, जबड्याजवळ ओढायला सांगा, दुकानाबाहेर उजेडात या आणि आरशात बघा. जी रेघ शोधावी लागते ती आपली छटा. दोन छटांमध्ये मन अडकलं तर गडद घ्या. दुकानदार गोरी छटा पुढे करतो, कारण आपण तीच मागतो. आपल्याला चेहरा गोरा करायचा नाही, डोळ्यांखालचा भाग बाकीच्या चेहऱ्यासारखा करायचा आहे.

एक जुगाड सगळीकडे सांगितला जातो: केशरी लिपस्टिक डोळ्यांखाली लावायची, तिचाच करेक्टर करायचा. रंगाच्या हिशेबानं ते बरोबर आहे. पण ओठांसाठी वापरलेले सगळे रंग डोळ्यांजवळ वापरण्याजोगे नसतात, शिवाय लिपस्टिक घसरते. आम्ही ते सुचवणार नाही. कुंकू किंवा हळद पावडरीत कालवून लावणं तर नाहीच.

लावायची रीत सोपी आहे. तोंड धुऊन टिपून घ्या. खोबरेल लावलेलं असेल तर पुसून काढा, तेलावर काही टिकत नाही. हलकं क्रीम लावून पाच मिनिटं थांबा. मग दोन्ही डोळ्यांना मिळून ज्वारीच्या दाण्याएवढा करेक्टर पुरे. तो फक्त काळ्या भागावर, करंगळीशेजारच्या बोटानं टिपत टिपत बसवा. या बोटाचा जोर कमी पडतो म्हणून ते घ्यायचं. ओढायचं नाही, चोळायचं नाही. मिनिटभर थांबून त्यावर कन्सीलर तसाच टिपायचा आणि कडा गालात मिसळवायच्या. वर पावडर अगदी नावापुरती. जाड पावडर बसली की दोन तासांत डोळ्यांखालच्या रेघांत साचते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात दुपारचं लग्न असलं तर थर जितका पातळ तितका बरा. घाम आला तर टिपायचा, पुसायचा नाही.

विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. आठवडी बाजारात, मेळ्यात नामवंत कंपनीसारखी दिसणारी डबी निम्म्या किमतीत मिळते. डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधी बनवली आणि कधीपर्यंत वापरायची ती तारीख, आत काय आहे त्याची यादी, हे सगळं छापलेलं असायला हवं. नसेल तर ठेवून द्या. त्याहून जास्त सांभाळायचं ते ‘काळी वर्तुळं आठ दिवसांत गायब’ म्हणणाऱ्या, बिननावाच्या डबीतल्या क्रीमपासून. आपल्याच विदर्भातल्या अकोल्याची एक घटना २०२३ साली वर्तमानपत्रांत आली होती. एका घरातल्या मायलेकी, तिघीही, असंच उजळ करणारं क्रीम वापरत होत्या आणि तिघींच्याही किडन्यांना त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला, तो त्या क्रीमपर्यंत पोचला. क्रीममध्ये पारा होता. पारा कातडीतून अंगात शिरतो. असल्या क्रीममध्ये चुकून राहिलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून जास्त असू नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. पण ज्या डबीवर नावच नाही तिला कोण विचारणार?

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबचंही तसंच. ‘माझ्या जावेला गुण आला’ म्हणून आणलेल्या पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ पडते. डोळ्यांजवळ रोज लावलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. लिंबू, टूथपेस्ट हेही डोळ्यांपासून दूर ठेवा. काकडीच्या गार चकत्यांनी सूज थोडा वेळ उतरते, बरं वाटतं, इतकंच.

नवी डबी आणली की कानामागे थोडं लावून दोन दिवस वाट बघा. खाज, पुरळ आलं तर डोळ्यांखाली लावू नका. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा कुठलीच वस्तू वापरायची नाही. केसांचा काळा डाय सोसत नाही अशा बाईच्याही पापण्या सुजतात, तेव्हा डाय लग्नाच्या आदल्या रात्री नको.

पार्लरवाल्या बहिणींसाठी आणखी एक. एकच डबी, एकच ब्रश आणि दहा वऱ्हाडणी, असं करू नका. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते, तेव्हा साथ कशी फिरते ते आपण पाहिलं. क्रीम स्वच्छ चमच्याच्या दांड्यानं ताटलीत काढा आणि तिथून लावा. ज्या बाईचे डोळे लाल आहेत तिला त्या दिवशी डोळ्यांचा मेकअप नाही, मग ती नवऱ्या मुलाची आत्या का असेना.

राहिलं काजळ. रात्री काजळ न पुसता झोपलं की ते खाली ओघळतं, सकाळी आपण ते चोळून काढतो, आणि पुष्कळ जणींचं अर्धं वर्तुळ तर काजळाचंच असतं. तेव्हा लग्नघरातून कितीही उशिरा आलात तरी हे काम आधी करा. कापसावर खोबरेलाचे दोन-तीन थेंब घ्या, कापूस मिटलेल्या डोळ्यावर दहा मोजेपर्यंत नुसता ठेवा, मग वरून खाली हलकेच पुसून घ्या. कापसावर काळं-केशरी यायचं थांबलं की साध्या पाण्यानं तोंड धुवा आणि झोपा. कापूस तर आपल्या घरचाच आहे.