आजोबा विसरतात की त्यांना ऐकू येत नाही?

घरातले आजोबा सांगितलेली गोष्ट विसरले की आपण म्हणतो, "वय झाले." ती गोष्ट त्यांच्या कानापर्यंत पोहोचली होती का, हे मात्र आपण क्वचितच पाहतो.

कमी ऐकू येणारा माणूस अर्धवट शब्द जुळवण्यातच थकतो. लक्षात ठेवायला जोर उरत नाही. पुन्हा पुन्हा "काय?" विचारायची लाज वाटते म्हणून तो लग्नाला, विहारात, कट्ट्यावर जाणे टाळतो. बोलणे थांबते, मन उदास होते, चालणे-फिरणे कमी होते. त्यात रक्तदाब आणि साखर वाढली की मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही झळ पोहोचते.

२०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालानुसार, १४ कारणांवर काम केल्यास स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. त्यांत बहिरेपणा, एकटेपणा, नैराश्य, मधुमेह आहेत. लहानपणी शिक्षण न मिळणेही आहे. ज्यांना शाळेचे दार बंद होते, त्या आपल्या आजी-आजोबांच्या बाबतीत हे बोचते. ते आता बदलत नाही. कान तपासता येतात.

श्रवणयंत्र म्हणजे जादू नव्हे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सर्वांचा एकत्रित विचार करता फरक दिसला नाही. धोका आधीच जास्त असलेल्यांमध्ये मात्र तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आपल्याकडे यंत्र आणले तरी ते कपाटात पडते, कारण सवय होईपर्यंत सोबत बसायला कुणाला वेळ नसतो. तोवर निदान टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोलू या.