अनंत चिंतामण लागू खटला : न्यायवैद्यक तपास आणि कार्यालयीन मनोभूमिका

प्रस्तावना :
न्यायवैद्यक शास्त्राचा विचार प्रायः प्रयोगशाळेच्या अनुषंगाने केला जातो. परंतु पुरावा प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वी तो ज्या माणसांच्या हातांतून जातो, त्यांच्यातील दरारा, भीड व कर्तव्यबुद्धी यांचा विचार क्वचितच होतो. या दृष्टीने पुण्यातील लक्ष्मीबाई कर्वे यांच्या मृत्यूचे प्रकरण अभ्यासनीय ठरते.

विवेचन :
दि. 12 नोव्हेंबर 1956 रोजी रात्री लक्ष्मीबाई आपल्या परिचयाच्या डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्यासमवेत पुण्याहून रेल्वेने मुंबईस निघाल्या. पहाटे त्यांना बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करण्यात आले, तेही 'इंदुमती' या नावाने. त्याच दिवशी दुपारपूर्वी त्यांचा मृत्यू झाला. त्या मधुमेही होत्या. तथापि मधुमेहजन्य बेशुद्धी सहसा हळूहळू येते व तीत श्वासाला ॲसिटोनचा वास येतो. तपासणाऱ्या मानद वैद्यांना निदानाविषयी शंका आली व शवविच्छेदनाची नोंद केसपेपरवर झाली. ती नोंद मात्र वरिष्ठ निवासी अधिकाऱ्याच्या सूचनेवरून कनिष्ठ डॉक्टरने खोडली आणि 'मधुमेहजन्य बेशुद्धी' हे कारण कायम झाले. ज्या हाताने खोडले त्या हाताला नकार देणे किती अवघड असते, हे कोणत्याही संस्थेत नोकरी केलेल्या वाचकास सांगावयास नको.

पुढील घटना विलक्षण आहे. बेवारस ठरलेले शव विच्छेदनाच्या अभ्यासासाठी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात गेले. तेथील एका शिपायाला गळ्यावर आवळल्यासारखी खूण दिसली व त्याने ती वरिष्ठांच्या लक्षात आणून दिली. त्यामुळेच 23 नोव्हेंबरला शवविच्छेदन झाले. खूण आवळल्याची नव्हती. रासायनिक विश्लेषणातही विष आढळले नाही. शिपायाची शंका चुकीची ठरली, पण तिच्यामुळे शवाची तपासणी तरी नोंदली गेली.

विष न सापडणे म्हणजे विष नव्हते असे नव्हे. दहा दिवसांत शव कुजते, काही द्रव्ये शरीरात विघटन पावतात, आणि विश्लेषकाची कसोटी तो ज्या विषाचा शोध घेतो त्याच्यापुरतीच असते. म्हणून न्यायालयासमोर परिस्थितीजन्य पुरावाच उरला : खोटे नाव, नातेवाइकांपासून लपविलेला मृत्यू, त्या जिवंत असल्याची पत्रे आणि मालमत्तेचा अपहार. पुणे सत्र न्यायालयाने देहदंड सुनावला, उच्च न्यायालयाने तो कायम केला. 1959 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. न्या. हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निर्णय लिहिला. रासायनिक पुरावा नसला तरी विषबाधा अन्य परिस्थितीवरून सिद्ध होऊ शकते, असे त्यात म्हटले आहे. तिघांपैकी न्या. सरकार यांना मात्र विषबाधा सिद्ध झाली असे वाटले नाही.