अब्बांचे राहिलेले वीस रोजे

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, गुढीपाडवा आणि ईद लागून आले. 30 मार्चला सकाळी गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या, त्याच संध्याकाळी चांद दिसला आणि 31 मार्चला ईद झाली. दोन्ही सणांचा हिशोब चंद्रावरच. पण पंचांगात अधिक महिना धरतात, हिजरी सालात धरत नाहीत. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि काही वर्षांनी अशी पाडव्याच्या शेजारी येऊन बसते.

चांद दिसल्याची हाक आली तशी मुलं गच्चीकडे पळाली. अब्बा खाटेवरून उठले नाहीत. आठवड्यापूर्वीच ते दवाखान्यातून घरी आले होते. मी ‘चांद मुबारक’ म्हणालो, तर भिंतीकडे बघत म्हणाले, “बीस रोजे छूट गये. मेरी काहे की ईद?”

मांजरसुंब्याच्या चौकात अब्बांचं पंक्चरचं दुकान आहे. धुळे-सोलापूर महामार्गाला इथंच केज-अंबाजोगाईचा रस्ता फुटतो, त्यामुळे गाड्यांना खंड नाही. मार्चच्या उन्हात ट्रकचं चाक खोलायचं आणि तोंडात पाण्याचा थेंब नाही, असं कित्येक वर्षं चाललं. साखरेचा आजार जडला, इन्सुलिन सुरू झालं, तरी त्यांनी रोजा चुकवला नाही. आम्ही सांगून थकलो. गेल्या वर्षी नऊ रोजे पार पडले आणि दहाव्याच्या दुपारी छातीत कळ आली. शेजारच्या चहावाल्या काकांनी गाडी काढली, घाट उतरून बीड गाठलं. तिथून छत्रपती संभाजीनगरला हलवावं लागलं.

दहा दिवस आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले. पलीकडच्या खाटेवर गेवराईकडच्या एका ऊसतोड कामगाराचे वडील होते. त्यांच्या सूनबाई रोज साडेसहा वाजून गेले की घड्याळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “भाऊ, दिवस मावळला, पाणी प्या आता.” माझ्याकडे खजूर असायचे, त्यांच्याकडे भाकरी आणि ठेचा. इफ्तार असा झाला.

चांदरातीला अब्बांचं ते बोलणं ऐकून अम्मीनं मशिदीच्या मौलानांना बोलावणं धाडलं. ते आले, खाटेजवळ बसले. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं: कुरआनात सूरे बकरामध्ये जिथं रोज्यांची आज्ञा आहे, तिथंच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही दिली आहे. बरं झाल्यावर राहिलेले रोजे नंतर ठेवायचे, त्याला कजा म्हणतात. आजार कायमचा असेल आणि पुढंही रोजा झेपणार नसेल, तर एकेका रोज्यापोटी एका गरजूला दोन वेळचं जेवण द्यायचं, तो फिदया. “चाचा, हुकूम अल्लाहचा आहे, तशी सवलतही त्याचीच आहे,” मौलाना म्हणाले. “हुकूम मानता, मग सवलत घ्यायला लाज कशाची?” अब्बा काही बोलले नाहीत. पण रात्री त्यांनी नवा कुर्ता बाहेर काढायला सांगितला.

सकाळी त्यांनी खुर्चीवर बसून ईदची नमाज अदा केली. अम्मीनं त्यांच्यापुरता शीरखुर्मा वेगळ्या पातेलीत केला होता, बिनसाखरेचा, तोही वाटीभरच. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. अब्बा दवाखान्यात असताना त्यांनी कपिलधारला जाऊन मन्मथ स्वामींपुढं त्यांच्यासाठी हात जोडले होते. पाडव्याच्या गाठी त्यांनी मुलांच्या गळ्यात घातल्या आणि अब्बांच्या हातावर कडुनिंबाची चार पानं ठेवली. “गाठी लेकरांना, भाऊजी. तुम्हाला हेच.” महिनाभरात अब्बा पहिल्यांदा हसले. पानं चावली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “लाओ, अब शीरखुर्मा दो.”

हिवाळ्यात दिवस लहान असतात, तेव्हा कजा रोजे ठेवू असं त्यांच्या मनात होतं. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. इन्सुलिन चालू असताना इतके तास उपाशी राहिलं, तर साखर एकदम खाली येऊन जिवावर बेतू शकतं. मग अब्बांनी वीस रोज्यांचा फिदया दुकानाच्या गल्ल्यातून दिला. माझे पैसे घेतले नाहीत.

आपल्या गावात असे अब्बा, अशा अम्मी अनेक घरांत असतील. दाराआड लपून गोळी घेणारे, किंवा लाजेपायी गोळीच टाळणारे. रमजानच्या आधी त्यांना एकदा डॉक्टरांकडे न्या आणि एकदा मौलानांकडे. दोघांचं बोलणं बहुतेक एकच निघतं.

यंदाही पाडवा 19 मार्चला आणि ईद त्याच्या मागोमाग. सहेरीला सगळ्यांच्या आधी अब्बाच उठतात, दारं वाजवून आम्हाला उठवतात. आठ वाजता इन्सुलिन घेतात आणि भाकरी खातात. गेल्या वर्षी घरी आल्यावर ते आतल्या खोलीत, दार लावून जेवायचे. आता बाहेर ओट्यावर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करत.