रानडुकराचं करायचं काय? शिकार, शेती आणि मटण

या मालिकेच्या श्रोत्यांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तो आज घेऊ. रानडुक्कर शेतीची नासधूस करतं. त्याचं मटण आवडीनं खाणारेही आहेत. मग शेतकऱ्याला मोकळेपणानं शिकार का करू देत नाहीत? अमेरिकेत तर म्हणे हेलिकॉप्टरमधून मारतात!

प्रश्न सरळ वाटतो, पण त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. हे जनावर कुठलं? मारल्यानं पीक वाचतं का? आणि मारलेलं खावं का? आपण ते सुटे करून बघू.

अमेरिकेत डुक्कर मूळचं नाहीच. १५३९ मध्ये हर्नांडो दे सोटो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला, तेव्हा सैन्याचा शिधा म्हणून त्यानं जिवंत डुकरं बरोबर आणली. काही सुटली, रानात वाढली. पुढे शिकारीच्या हौसेसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली गेली आणि दोन्हींचा संकर झाला. आज ती लाखोंच्या संख्येत आहेत. तिथे हे परकं, आक्रमक जनावर आहे, त्यामुळे ते नष्ट करणं हेच उद्दिष्ट ठेवता येतं. टेक्सासनं २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून शिकारीला वाट मोकळी केली, ती याच विचारानं.

आपलं रानडुक्कर मात्र इथलंच आहे. बदामीच्या चालुक्यांनी राजचिन्ह म्हणून वराह निवडला, इतकी त्याची ओळख जुनी. वाघ, बिबट्या आणि रानकुत्री त्याच्यावर जगतात. म्हणजे ते उपद्रवी आहे, पण उपरं नाही. आणखी एक गल्लत टाळू. पुण्यात नाल्याकाठी, कचऱ्याच्या ढिगांवर दिसतात ती मोकाट गावडुकरं. ती पाळीव जातीची; त्यांना वन्यजीव कायदा लागू नाही, त्यांचा बंदोबस्त महापालिकेनं करायचा असतो. आज आपण बोलतोय ते रानातल्या डुकराबद्दल.

आता नुकसान बघा. मुळशी, भोर, वेल्हे या भागांत भात, भुईमूग, रताळी, मका, असं काहीही डुकराला चालतं. ते खातं त्यापेक्षा जास्त उकरतं आणि तुडवतं. रात्री येतं, कळपानं येतं. एका मादीला एका वेळी साधारण चार ते सहा पिल्लं होतात. शिवाय उसाच्या फडात त्याला दिवसभर लपायला जागा मिळते.

नुकसान मोजायचं कसं, यावर पुण्यातच महत्त्वाचं काम झालं आहे. पुण्याच्या ‘आयसर’मधल्या मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी ताडोब्याच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांचा अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचनाम्यात नजरेनं दिसणारं नुकसान आणि प्रत्यक्ष घटलेलं उत्पन्न यांत मोठी तफावत असते, हे त्यातून दिसलं. २०२५ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेचा अहवाल समोर आला. वन्यप्राण्यांमुळे महाराष्ट्राच्या शेतीचं वर्षाला १० हजार ते ४० हजार कोटी रुपयांचं नुकसान होत असावं, असा त्यातला अंदाज आहे. यात एकटं डुक्कर नाही. नीलगाय, माकडं असे इतरही प्राणी आले. पण भरपाईची रक्कम या आकड्याच्या कितीतरी खाली आहे. भुईमूग टिकत नाही म्हणून जो शेतकरी तो पेरायचंच सोडतो, त्याचा पंचनामा तर कुणीच करत नाही.

मग कायदा काय म्हणतो? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, पण कलम ११ मध्ये अपवाद आहे. अनुसूची दोनमधलं जनावर, आणि रानडुक्कर आता त्यातच येतं, उभ्या पिकाला घातक ठरलं तर अधिकारी लेखी आदेशानं, कारणं नोंदवून, शिकारीची परवानगी देऊ शकतात. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये शासन निर्णय काढून रानडुक्कर आणि नीलगायीसाठी ही परवानगी स्थानिक पातळीवर मिळण्याची सोय केली. दुसरी वाट कलम ६२ ची: केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करतं. २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुकराबाबत तसं झालं. केरळनं हीच मागणी केली, केंद्रानं नाकारली. तेव्हा २०२२ मध्ये त्या राज्यानं परवानगीचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिले.

परवानगी मिळाली, तरी मारणार कोण? कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत, पण निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. देशावर बहुतेक शेतकऱ्यांकडे बंदूकच नाही. त्यामुळे परवानगी कागदावर राहते आणि लोक चोरवाटा शोधतात: तारेचे फास, गावठी बॉम्ब, कुंपणात थेट विजेचा प्रवाह. त्यात बिबटे, वाघ मरतात, गुरं मरतात, रात्री पाणी द्यायला गेलेली माणसंही मरतात. डुक्कर वाचवण्याच्या किंवा मारण्याच्या वादात ही किंमत विसरली जाते.

आता कळीचा मुद्दा. शिकारीनं डुकरं कमी होतात का? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यानं १९९९ मध्ये शिकार खुली केली. झालं उलटंच. शिकारीची मजा मिळावी म्हणून लोकांनी डुकरं नव्या भागांत नेऊन सोडली. मिझुरी राज्यानं २०१६ मध्ये आपल्या वनक्षेत्रांत हौशी शिकारीलाच बंदी घातली. कारण दोनतीन डुकरं मारली की उरलेला कळप पांगतो, सावध होतो आणि दुसरीकडे वाढतो. मोठ्या पिंजऱ्यात अख्खा कळप एकदम धरणं जास्त परिणामकारक ठरतं. आपल्यासाठी यातून बोध एवढाच, की शिकार हौसेसाठी किंवा मटणासाठी झाली, तर डुकरं टिकवण्यातच काहींचा फायदा होऊ लागतो.

मटणाकडे येऊ. कलम ३९ प्रमाणे शिकार केलेलं वन्य जनावर आणि त्याचं मांस ही सरकारची मालमत्ता आहे. परवानगीनं मारलं तरी ते घरी नेता येत नाही, विकता तर नाहीच. विनापरवाना शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आरोग्याचाही प्रश्न आहे. डुकराच्या मांसात पट्टकृमी आणि ट्रायकिनेला यांच्या अळ्या असू शकतात, आणि चोरून कापलेल्या मांसाची तपासणी कुणी करत नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये भारतात शिरला. तो माणसाला होत नाही, पण मांसातून आणि कापलेल्या अवशेषांतून वराहपालकांच्या डुकरांपर्यंत पोचू शकतो.

जपानमध्ये रानडुक्कर देशीच आहे, आणि तिथे परवान्यानं मारलेल्या जनावरांचं मांस नोंदणीकृत केंद्रांत प्रक्रिया करून हॉटेलांत जातं. म्हणजे अशक्य काही नाही. पण त्यासाठी आधी तपासणी, नोंद आणि विश्वासार्ह यंत्रणा लागते. ती उभी न करता नुसती विक्री खुली केली, तर आपण टेनेसीच्याच वाटेनं जाऊ.

आमचं म्हणणं असं: शिकार हे एक हत्यार आहे, धोरण नव्हे. जिथे नुकसान होतंय तिथे, प्रशिक्षित माणसांकरवी, शक्यतो अख्खा कळप हटवावा. एकेका शेताऐवजी पूर्ण शिवाराला सामुदायिक सौर कुंपण घालावं; त्याचा झटका बसतो, जीव जात नाही. आणि भरपाई पंचनाम्याऐवजी उत्पन्नावर बेतावी. वाटव्यांनी मांडलेली एक योजना अशीच आहे: गटाचं सरासरी उत्पन्न जितकं घटेल तितका आधार जास्त, आणि गटात ज्याचं पीक चांगलं त्याला बक्षीस जास्त. त्यामुळे खोटं नुकसान दाखवण्यात कुणाचा फायदा उरत नाही, आणि राखण करणाऱ्याचे कष्ट वाया जात नाहीत.

म्हणून किती डुकरं मारली, हा हिशेब पुरेसा नाही. किती पोती घरी आली आणि पुढच्या हंगामात भुईमूग पुन्हा पेरला गेला का, हे मोजायला हवं.